दर्शनाचा खर्च कोणाच्या नावे?



गेल्या गुरुपौर्णिमेपासून आमच्या गंगाखेडच्या पाच-सहा निवृत्त मंडळींच्या डोक्यात एक खूळ शिरलं आहे. पुढच्या वर्षी दसरा झाला की हिमालयात जायचं. बर्फाची शिखरं समोरासमोर दिसतील एवढ्या उंचीवर जायचं, आणि तेही पायी. दर गुरुवारी आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की मंदिराच्या ओट्यावर नकाशा उघडतो. आमच्यात कोणी गिर्यारोहक नाही. दोघे शिक्षक, एक महावितरणचा, एक आडत दुकानदार आणि अस्मादिक, म्हणजे बँकेत चौतीस वर्षं लेजर ओढलेला बी. कॉम. कारकून. त्यामुळे जमाखर्चाची वही आपोआप माझ्याकडे आली.

बेत असा आहे. परभणीहून सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली, पुढे ऋषिकेश. तिथून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, चमोली, गोपेश्वर करत मंडल नावाच्या गावी. मंडलपासून पाच-सहा किलोमीटर जंगलातून चढलं की अनसूयामातेचं मंदिर येतं आणि त्याच्या पुढे अत्रिमुनींची गुहा. दत्तजयंतीला तिथे मोठी जत्रा भरते, गावोगावच्या देवींच्या डोल्या येतात, मूल व्हावं म्हणून बाया रात्रभर देवीपुढे जागतात. आमच्यातल्या एकाने लगेच शंका काढली की अनसूयामातेचं स्थान तर आपल्या माहूरला, मग हे कोणतं? माहूरला आहे, चित्रकूटला आहे आणि तिथेही आहे. जिथे जिथे माणसांनी त्या माउलीला हाक मारली तिथे ती राहिली, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. अनसूयेचं दर्शन झालं की चोपता, आणि चोपत्याहून साडेतीन-चार किलोमीटर चढून तुंगनाथ. पंचकेदारांतलं सर्वांत उंचावरचं मानलं जाणारं मंदिर. आकाश निवळ असलं तर तिथून वर चंद्रशिलेवर चौखंबा दिसतो, नंदादेवी दिसते. ७,८१६ मीटरची नंदादेवी! आमच्या बालाघाटाच्या डोंगरांना डोंगर म्हणायची जन्माची सवय असलेल्या माणसाने हा आकडा नुसता वहीत लिहिला तरी हात थोडा थांबतो.

तर मी खर्चाचा अंदाज काढायला बसलो. रेल्वे, जीप, मुक्काम, जेवण, माणशी अमुक हजार. आकडा काही भयंकर आला नाही. पण बँकेतला माणूस आकडा आला की उठत नाही. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की एक रक्कम कोणाच्या तरी खाती जमा पडली तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी नावे पडलेलीच असते. नावे-जमेचा मेळ बसल्याशिवाय संध्याकाळी घरी जायची सोय नसे. एखादी नोंद जुळेना, तर ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकायची. तिथली नोंद दिसत नाही म्हणून ती नाहीशी झाली असं होत नाही. ऑडिटर येतो आणि नेमकं तेच पान उघडतो.

मला प्रश्न पडला तो इथे. देवाचं किंवा देवभूमीचं दर्शन मला घडलं, ते माझ्या खाती जमा. मग नावे कोणाच्या पडलं? तिकिटाचे पैसे माझे, हे खरंच. पण दर्शनाचा सगळा खर्च पैशात होत नाही.

२०११ साली मी आणि सौ. केदारनाथला गेलो होतो. तेव्हा गौरीकुंडापासूनची वाट चौदा किलोमीटरची होती. २०१३ च्या जूनमधल्या प्रलयात मधलं रामबाडा वाहून गेलं, आणि आता नवी वाट सोळा किलोमीटरची आहे. सौ.चे गुडघे त्या वेळीच दुखायचे, म्हणून ती खेचरावर आणि मी मागे पायी. खेचर हाकणारा पोरगा सोळा-सतरा वर्षांचा असेल. अर्ध्या वाटेत तिने त्याला विचारलं, "बाळा, याची ही आजची कितवी फेरी?" तो म्हणाला, दुसरी. मग ती वर पोहोचेपर्यंत काही बोलली नाही. उतरल्यावर तिने त्याच्या हातावर पन्नास रुपये ठेवले, खेचराला गूळ-चणे घाल म्हणून. त्या पोराने समोरच्या टपरीवर चहा-बिस्किटं घेतली. सौ. रागावली नाही. म्हणाली, "तोही सकाळपासून उपाशीच असंल की."

हे मी कोणाला दोष द्यायला सांगत नाही. २०२२ च्या यात्रेत पहिल्या दीड महिन्यातच केदारनाथच्या वाटेवर शंभराहून जास्त खेचरं मेल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं. विश्रांती नाही, प्यायला धड पाणी नाही, पोटात कोरडा चारा, आणि एका दिवसात दुसरी फेरी. ही नोंद आपण सगळे यात्रेकरू मिळून सस्पेन्स खात्यात टाकतो. ज्याच्या मागे गाय उभी आणि पायांशी चार कुत्री आहेत अशा देवाचे आपण भक्त. त्याच्या तसबिरीला रोज हार घालणाऱ्याला खेचराच्या पाठीचा विचार परका वाटायचं कारण नाही.

पण लगेच दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. केदारनाथाचे दरवाजे अक्षय्यतृतीयेच्या सुमारास उघडतात आणि भाऊबीजेला बंद होतात. त्या सहा महिन्यांत तिथला माणूस वर्षाचं कमावतो. आपण सगळ्यांनी ठरवलं की खेचर नको, कंडी नको, तर त्या पोराने काय करायचं? आमच्या भागातून दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला जातात. बैलगाडीवर, ट्रॅक्टरवर संसार लादलेला, वर कोयते आणि मधे झोपलेली लेकरं. साखर खाणं सोडून दिलं म्हणून त्यांचं भलं होणार आहे का? मुळीच नाही. त्यांना भाव किती मिळतो, उचल कशी फेडून घेतात, आजारी बाईला एक दिवस बसू देतात का, हे विचारणारा कोणी असला तर होईल. तसंच इथे. त्यामुळे आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे की सामानासाठी माणूस घ्यायचाच, पण ओझं आधी वजन करून द्यायचं, भाव आदल्या दिवशी ठरवायचा, आणि जेवण आपल्याबरोबर. आडत दुकानदार मित्र म्हणाला, "घासाघीस मी करणार नाही, शब्द देतो." आयुष्यभर घासाघीस केलेल्या माणसाने हा शब्द दिला याचं आम्हाला फार अप्रूप वाटलं.

एकनाथमहाराजांची कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. गंगेची कावड रामेश्वराला न्यायची होती, वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसलं, नाथांनी ते पाणी त्याला पाजलं. कथेतलं गाढव आपल्या लक्षात राहतं. मला अलीकडे त्यातली कावड जास्त आठवते. ती नाथांच्या स्वतःच्या खांद्यावर होती. पाणी द्यायचा अधिकार त्यांना होता, कारण ते त्यांनी स्वतः वाहून आणलं होतं.

हे मी ओट्यावर बोललो तेव्हा आमचे थोरले गुरुजी जरा दुखावले. त्यांचं वय बाहत्तर, हृदयात दोन स्टेंट. म्हणाले, "म्हणजे ज्याला चालता येत नाही त्याचा देव नाही का? मी हेलिकॉप्टरने केदारनाथला गेलो तर माझं दर्शन खोटं?" मला चटकन उत्तर देता आलं नाही, आणि मला वाटतं चटकन देता येऊही नये. प. प. टेंबेस्वामी महाराजांनी सगळा भरतखंड पायी पालथा घातला, वाहनाला स्पर्श केला नाही. पण ते संन्यासी होते आणि तो त्यांचा धर्म होता. तोच नियम गुरुजींच्या स्टेंटला लावणं म्हणजे धर्माच्या नावाने दुष्टपणा. दुसरीकडे, २०२५ च्या १५ जूनला केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळलं. सात जण गेले, आणि त्यात आपल्या वणीचं एक कुटुंब होतं, लहानग्या मुलीसह. त्यांनी काय चूक केली होती? काहीच नाही. म्हणून हेलिकॉप्टरवाल्या भाविकाला कोणी टोचून बोललं की मला आवडत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्र सरकारने सोनप्रयाग ते केदारनाथ १२.९ किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली. आठ-नऊ तासांची वाट ३६ मिनिटांची होणार म्हणतात. गुरुजी खूश आहेत. खेचराची पाठ मोकळी होईल ही मोठी गोष्ट आहे. त्या पोराच्या हाताला मग कोणतं काम मिळेल, तो आकडा मला अजून कुठे सापडलेला नाही.

गुरुजींना मी शेवटी एवढंच म्हटलं की दर्शन खरं-खोटं ठरवणारा मी कोण? पण देव आपल्याला उंचीवरच भेटतो असं आपण कधीपासून मानायला लागलो? आपलं गाव जनाबाईचं. नामदेव उत्तरेत गेले, थेट पंजाबात, घुमानला आजही त्यांचं स्थान आहे. जनाबाई त्याच घरात जात्यापाशी होती. आणि परंपरा सांगते की दळायला हात लावायला पांडुरंग तिच्याकडे आला.

जनाबाईचं नाव तोंडातून गेलं खरं, पण त्याने माझ्याच वहीतलं एक पान उघडलं. घरात माझी आई आहे, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. उठवणं, आंघोळ, औषधं, रात्री दोनदा हाक, हे सगळं सौ. करते. मी हिमालयात बारा दिवस जाणार, तर ते बारा दिवस तिच्या नावे पडणार. तिला विचारलं तर म्हणते, "जाऊन या की. मी काय कुठं पळून चालले?" हे वाक्य आपल्या घरोघरच्या बायका इतक्या सहज बोलतात की आपण ते परवानगी म्हणून घेतो आणि पिशवी भरायला लागतो. जो तीर्थाला जातो त्याच्या घरचं जातं कोणीतरी ओढत असतं. त्याचं पुण्य जाणाऱ्याला की ओढणाऱ्याला, हा प्रश्न मी आमच्या कीर्तनकार बुवांना विचारला. ते हसले आणि म्हणाले, "निम्मं निम्मं तरी करा."

निम्मं करायचं तर सौ.ने यायला हवं. तिचे गुडघे आता तुंगनाथ चढणार नाहीत, पण अनसूयामातेपर्यंत, हळूहळू, मधे बसत, दोन दिवसांत जाऊ शकते असं डॉक्टर म्हणाले. अंबाजोगाईची माझी बहीण आईजवळ यायला तयार झाली. तिला नऊ दिवस जमतील, त्याहून जास्त नाही, तिचीही नातवंडं आहेत. म्हणून बारा दिवसांचा बेत नऊ दिवसांवर आला. मंडळींनी कुरकुर केली. चंद्रशिला बहुतेक जाणार. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. बहिणीने दिलेले नऊ दिवस मी दहा म्हणून वापरू शकत नाही.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला चोवीस गुरू सांगतो. पृथ्वीपासून आरंभ करतो, आणि तिच्यातच पर्वत आणि वृक्ष येतात, ते कशासाठी तर दुसऱ्याच्या उपयोगी पडायला कसं असावं ते शिकायला. आम्ही त्या पर्वताकडे बघायला चाललो आहोत, आणि बहुतेक काही न देता परत येणार. निदान प्लास्टिक तरी टाकून येऊ नये. पण चोवीस सांगून झाल्यावर अवधूत आणखी एक गुरू सांतो, स्वतःचा देह. तरुणपणी हे वाचताना मी पुढे गेलो होतो. आता ते मला व्यवहाराचं वाटतं. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास उरतो. तोच श्वास, पण त्यात प्राणवायू एक-तृतीयांशाने कमी. डोकं दुखणं, मळमळ, झोप न येणं, ही देहाची पत्रं असतात. ती उघडून वाचायची आणि खाली उतरायचं, त्याला दुसरा खात्रीचा उपाय नाही. म्हणून चोपत्याला, सुमारे २,७०० मीटरवर, एक रात्र जास्त ठेवली आहे.

परत फिरणं हा यात्रेचा अपमान आहे असं आपल्याकडे मानतात. मराठवाड्यातल्या मनीषा वाघमारे २०१७ साली एव्हरेस्टच्या माथ्यापासून अवघ्या १७० मीटरवर होत्या. हवामान बिघडलं आणि त्या परत फिरल्या. २०१८ च्या मे महिन्यात त्याच माथ्यावर पोहोचल्या. माथ्यावरच्या फोटोचं कौतुक सगळ्यांनी केलं. मला त्यांचं आदल्या वर्षीचं वळणं मोठं वाटतं. इतक्या पैशाचा, इतक्या वर्षांचा खर्च मागे असताना, समोर शिखर दिसत असताना पाय वळवायचे, याला जे लागतं त्याला मी वैराग्य म्हणेन. आपलं वैराग्य बहुधा न मिळालेल्या वस्तूंबद्दल असतं.

आम्ही नियम केला आहे की तुंगनाथच्या वाटेवर दुपारी एक वाजला की असू तिथून वळायचं. कळस शंभर पावलांवर दिसत असला तरी. गुरुजी येणार आहेत, चोपत्यापर्यंत. घड्याळ त्यांच्याकडे नाही, आडत दुकानदाराकडे ठेवलं आहे, कारण वेळेच्या बाबतीत तोच एक निष्ठुर आहे. सध्या रोज पहाटे गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या चढ-उतार चालू आहेत, पाठीवर पाच किलो ज्वारीची पिशवी घेऊन. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. बहिणीचं तिकीट मी आमच्या आधी काढणार आहे.