नकाशा आणि प्रायश्चित्त

28 ऑगस्ट 2022, रविवार, दुपारचे अडीच. नोएडाच्या सेक्टर 93ए मधल्या एमराल्ड कोर्टची माणसे सकाळीच घरे रिकामी करून गेली होती. तिथल्या बेकायदा ठरलेल्या जुळ्या मनोऱ्यांच्या खांबांत हजारो भोके पाडून त्यांत सुमारे 3,700 किलो स्फोटके ठासली होती. बघता बघता 32 आणि 29 मजले खाली बसले. शेजारच्या सोसायटीची थोडी कुंपणभिंत पडली, माणसाला मात्र ओरखडाही उठला नाही.

पापाचा घडा फुटला, अशी भावना त्या दिवशी अनेकांची झाली. पण पाप फिटले का?

आपल्या धर्मशास्त्राने दंड आणि प्रायश्चित्त यांची गल्लत केलेली नाही. दंड राजा करतो. प्रायश्चित्तासाठी माणसाने आपल्या पायांनी विद्वानांच्या परिषदेपुढे जायचे असते. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडात हा विषय विस्ताराने मांडला आहे. व्रते आणि दाने आहेतच, पण त्यांच्याबरोबर अनुताप आणि ख्यापनही आहे. ख्यापन म्हणजे आपला दोष चारचौघांत उघड सांगणे.

नोएडात घडले ते नेमके उलटे. रहिवाशांना दाखवलेल्या बागेच्या जागी मनोरे उठू लागले, तेव्हा त्यांनी प्राधिकरणाकडे मंजूर नकाशे मागितले. प्राधिकरणाने बिल्डरची संमती विचारली, बिल्डरने नकार दिला आणि नकाशे मिळाले नाहीत. ज्यांच्या अंगणावर सावली पडणार होती, त्यांनाच कागद पाहता येईना! शेवटी रहिवासी 2012 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. 2014 मध्ये पाडण्याचा आदेश झाला. 31 ऑगस्ट 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांनी तो कायम केला, अधिकारी आणि बिल्डर यांच्या संगनमतावर बोट ठेवले, ग्राहकांचे पैसे 12 टक्के व्याजाने परत करायला लावले आणि रहिवासी संघाला दोन कोटी रुपये देवविले. हा दंड झाला, आणि तो योग्यच झाला.

पण या मनोऱ्यांत गेलेल्या सिमेंटचा हिशेब न्यायालयाच्या हातातला नव्हता. चुनखडी भट्टीत सुमारे 1,450 अंशांपर्यंत तापवली की दगडात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो. इंधनाचा धूर वेगळाच. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के मानला जातो. मनोरे पाडले म्हणून तो सगळा वायू पुन्हा दगडात शिरत नाही. मागे उरला अंदाजे 80,000 टन राडारोडा. त्यातला काही तळघराच्या खड्ड्यात गेला, काही सेक्टर 80 मधल्या प्रक्रिया केंद्रात. कर्म भोगूनच संपते, असे म्हणतात. इथे मात्र करणारा एक आणि भोगणारे दुसरेच, त्यातले कित्येक अजून जन्मालाही आलेले नाहीत.

म्हणून त्या रहिवाशांच्या लढ्यातला सर्वांत मोलाचा क्षण स्फोटाचा नाही, पहिल्या अर्जाचा आहे. वर्गणी काढून, तारखांमागून तारखा झेलत त्यांनी जो खटला जिंकला, त्याची सुरुवात एका साध्या मागणीने झाली होती: आमच्या आवारात काय बांधताय ते दाखवा. हवामानासाठी झगडणाऱ्या प्रत्येक मोहल्ला समितीने आणि सोसायटीने हा अर्ज पाया खणण्याआधी करावा आणि प्राधिकरणांनी नकाशे न मागताच फाटकावर लावावेत. ख्यापनाचा नागरी अर्थ याहून वेगळा काय असणार? सेक्टर 93ए मध्ये तो कागद वेळेवर हातात पडला असता, तर ती चुनखडी डोंगरातच राहिली असती.