काका, काकू आणि जोहिला

बोधकथेचं तात्पर्य शेवटी, जाड ठशात छापायची आपल्याकडे पद्धत आहे. पण ज्या पुस्तिकेपायी ही गोष्ट घडली तिच्या म्हणण्यानुसार पुरुष शेवटपर्यंत वाचत नाहीत, आणि बायकांना शेवट पहिल्या ओळीतच कळलेला असतो. तेव्हा कोणाचीच गैरसोय नको. तात्पर्य : बायकोला काय हवं ते बायकोला विचारावं, नवऱ्याला काय हवं ते नवऱ्याला. एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांनी खुशाल उठावं. बाकीच्यांसाठी गोष्ट अशी.

जबलपूरला नेपियर टाउनमध्ये एक काका आणि एक काकू राहत असत. काकूंचं माहेर पक्कं जबलपूरकर, म्हणजे १८१७ साली संपलेल्या नागपूरकर भोसल्यांच्या अमलात इथे आलेलं. काकांचे आजोबा आले ते गन कॅरेज फॅक्टरीत लागले म्हणून. १९०४ साली निघालेल्या त्या कारखान्याच्या भोंग्यावर काकांच्या घरातल्या तीन पिढ्या जेवल्या.

काका बोलके. सकाळी सहाला दुधाची पिशवी आणायला निघत ते आठला परतत, कारण वाटेत त्रिपुरी काँग्रेस लागे. १९३९ साली इथे जवळच त्रिपुरीला अधिवेशन भरलं. बावन्नावं म्हणून मिरवणुकीचा रथ ५२ हत्तींनी ओढला. अध्यक्ष सुभाषबाबू मात्र तापाने फणफणलेले, त्यांना स्ट्रेचरवरून आणावं लागलं. हे काका रोज कुणाला तरी सांगत. त्यांचा स्वतःचा जन्म त्यानंतरचा, पण हत्ती मोजताना एकही सुटत नसे. काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका. बोलणं मोजकं, उत्तराखाली दोन रेघा मारल्यासारखं. घरातला फ्यूज, गीझर, मिक्सर आणि इन्कम टॅक्स काकूंकडे. शेजारपाजार, नातीगोती, बारशाचे फोन आणि रडणं काकांकडे. टीव्हीवर मुलीची पाठवणी सुरू झाली की काकांना हमखास तहान लागे. वाटणी कुणी केली नव्हती, आपसूक झाली होती, आणि चाळीस वर्षं बिनबोभाट चालली होती.

मग संक्रांत आली.

काळी साडी नेसून काकू हळदीकुंकवाला जात आणि वाण घेऊन येत. आजवरच्या वाणांतून घरात चहाच्या गाळण्या इतक्या साठल्या होत्या की एकेकीने एकेक दिवस काम केलं तरी रथसप्तमी उजाडली असती. त्या वर्षी गल्लीतल्या एका वहिनींनी ठरवलं, वाण उपयोगी पाहिजे. त्यांचा भाचा पुण्यात नवराबायकोंना मार्गदर्शन करी, फी घेऊन. त्याची पुस्तिका त्यांनी पन्नास प्रती मागवून लुटली. गुलाबी मुखपृष्ठ, त्यावर दोन हंस, आणि आत स्त्री व पुरुष यांच्यातले ठळक फरक.

या शहरात असल्या वाङ्मयाने खरं तर जपून शिरावं. रजनीश १९६६ पर्यंत इथेच तत्त्वज्ञान शिकवत होते आणि हरिशंकर परसाई इथेच बसून सगळ्या उपदेशकांची हजेरी घेत होते. गुरू आणि गुरूची टोपी उडवणारा, दोन्ही माल गावातच तयार होत असताना पुण्याहून मागवायची गरज नव्हती. असो.

पुस्तिकेची सुरुवात मंगळ आणि शुक्रापासून होती. पुरुष मंगळावरचे, बायका शुक्रावरच्या. जॉन ग्रे या अमेरिकन लेखकाने १९९२ साली ही वाटणी करून ठेवली आणि ते पुस्तक जगभर खपलं. त्याला बिचाऱ्याला आपल्याकडची पत्रिका माहीत नसणार. काकूंच्या पत्रिकेत मंगळ सातव्या घरात ठाण मांडून बसलेला. त्यापायी तीन स्थळं परत गेली होती. चौथं काकांचं, त्यांच्या पत्रिकेत मंगळ नव्हता, पण गुरुजींनी शोधला. म्हणजे मंगळावरची कोण आणि ओढूनताणून तिथे नेऊन बसवलेला कोण, हे दोन्ही घरांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

पुढचं सूत्र : बाई दिवसाला वीस हजार शब्द बोलते, पुरुष सात हजार. काकांना हा अपमान वाटला. सात हजार तर दूधवाल्यापाशीच खर्ची पडत. त्यांचं बरोबर होतं. हा आकडा २००६ सालच्या एका गाजलेल्या अमेरिकन पुस्तकामुळे तोंडोतोंडी झाला, आणि पुढच्याच वर्षी मॅथियस मेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर ध्वनिमुद्रक लावून मोजलं, तर मुलं काय नि मुली काय, दोघांचेही सोळा हजारांच्या आसपास. त्याआधी २००५ मध्ये जॅनेट हाइड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा फरकांवरचे ४६ मोठे आढावे एकत्र चाळले. तपासलेल्या फरकांपैकी ७८ टक्के नगण्य किंवा अगदी किरकोळ निघाले. फरक मुळीच नसतात असं माझंही म्हणणं नाही. पण नेपियर टाउनमधले काका आणि रांझीतले काका यांच्यात जेवढा फरक असतो तेवढा समस्त पुरुषजात आणि समस्त स्त्रीजात यांच्यात दाखवायचा म्हणजे पुस्तिका बरीच पातळ करावी लागेल.

काकूंना पुस्तिकेतलं एक पान मात्र पटलं, किंवा पटलं नाही तरी करून बघावंसं वाटलं. पुरुष थकला की त्याला गुहेत जायचं असतं. बाईने हाका मारू नयेत, तो आपणहून बाहेर येतो. काकूंनी कोठीची खोली झाडली, तिथे खुर्ची टाकली, टेबलफॅन लावला, वर्तमानपत्र ठेवलं आणि म्हणाल्या, "बसा हं निवांत." काका बसले. बायको इतक्या प्रेमाने सांगते आहे तर नाही कसं म्हणायचं? पहिल्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र वाचलं, जाहिरातींसकट. दुसऱ्या दिवशी गव्हाचे डबे मोजले. तिसऱ्या दिवशी काकू तूप काढायला गेल्या तेव्हा आतून आवाज येत होता. काका तुपाच्या डब्याला त्रिपुरी काँग्रेस सांगत होते. तिसावा हत्ती चालला होता. काकूंनी दार हळूच लोटून घेतलं. गुहेत असताना हाका मारायच्या नव्हत्या.

काकांनीही आपल्या वाटणीचं पान वाचलंच होतं. बाई अडचण सांगते ती उपाय हवा म्हणून नव्हे, मन मोकळं करायचं म्हणून. पुरुषाने उपाय सांगू नये, हात घालू नये. तिच्या डोळ्यांत पाहावं, "हं" म्हणावं, आणि तिच्या भावना आपल्यापर्यंत पोचल्याचं तिला कळवावं.

जानेवारीतल्या जबलपूरच्या थंडीत गीझर बंद पडला. काकू स्टुलावर चढल्या, मेन स्विच बंद असल्याची खात्री केली, झाकणाचे स्क्रू काढून ओठांत धरले आणि म्हणाल्या, "अहो, टॉर्च धरा जरा. आतलं काही दिसत नाहीये."

काका आले. टॉर्च लावला. मग पुस्तिका आठवली आणि त्यांनी काकूंच्या डोळ्यांत पाहिलं. त्यासाठी उजेड अर्थातच डोळ्यांवर पाडावा लागला.

"हं," काका म्हणाले.

"अहो, इकडे. वायरवर."

"तुला किती एकटं वाटत असेल."

"वायर दिसत नाहीये मला."

"कळतंय. दिसत नसलं की किती त्रास होतो, ते माझ्यापर्यंत पोचतंय."

काकूंनी स्क्रू ओठांतून काढून पदराला गुंडाळले, टॉर्च घेतला, दातांत धरला आणि गीझर एकटीने दुरुस्त केला. त्यानंतर त्या दिवसभर गप्प होत्या. गप्प त्या एरवीही असत, पण आता काकांकडे पुस्तिका होती. "काही नाही" म्हणजे पुष्कळ काही, असं तिच्यात चौकटीत छापलं होतं. काकांनी विचारलं, "काय झालं?" काकू म्हणाल्या, "काही नाही." काका घाबरले. लगोलग कमानिया गेटपर्यंत जाऊन त्यांनी खोव्याची जलेबी आणली, अर्धा किलो, कारण बाईला छोट्या छोट्या भेटी लागतात. काकू चाळीस वर्षांत कधी गोडाच्या वाटेला गेल्या नव्हत्या. ती काळीभोर, पाकाने जड झालेली जलेबी काकांनी एकट्याने संपवली, आणि रात्री त्यांना बरं वाटेना तेव्हा काकूंनी त्यांना कोठीच्या खोलीत नेऊन बसवलं.

अशा रीतीने रथसप्तमी आली. हळदीकुंकवाचा तो शेवटचा दिवस, आणि जबलपूरकरांची नर्मदा जयंतीही त्याच दिवशी, माघ शुद्ध सप्तमीला. ग्वारीघाटावर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून गल्लीतल्या मंडळींनी मिनीबस ठरवून भेडाघाट गाठला आणि पंचवटी घाटावर नाव केली. एका फळीवर बाया, समोरच्या फळीवर पुरुष. वहिनीही होत्या, पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती पिशवीत घेऊन.

भेडाघाटचे नावाडी वल्ह्यापेक्षा तोंडाने नाव चालवतात. दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे सुरू झाले तसा आमचाही नावाडी सुरू झाला : "दाएँ देखो भैया, बाएँ देखो बहना, और भाभीजी बैठी हों तो ज़्यादा कुछ मत कहना!" राज कपूरच्या कुठल्या सिनेमाचं गाणं इथे झालं ते त्याने सांगितलं, बंदरकूदनीपाशी कडे एवढे जवळ होते की वानरं या तीरावरून त्या तीरावर उडी मारत, तेही सांगितलं. मग म्हणाला, "आज मैया का जन्मदिन है बड्डे, आज मैया की शादी की बात सुनो." आणि वल्हं आडवं ठेवलं.

गोष्ट या भागात पोराटोरांना ठाऊक आहे. मेकल राजाची मुलगी नर्मदा. राजाचा पण होता, गुलबकावलीचं फूल आणील त्याला मुलगी. शोणभद्राने फूल आणलं, लग्न ठरलं. नर्मदेने त्याला पाहिलं नव्हतं. उत्सुकता तर होती, पण स्वतः जायचं कसं? तिने आपल्या दासीला, जोहिलेला, निरोप घेऊन पाठवलं. जोहिला म्हणाली, तुमचे कपडे आणि दागिने द्या, म्हणजे मी चारचौघांत शोभेन. नर्मदेने दिले. शोणभद्राने तो साज पाहिला आणि तिलाच राजकन्या समजला. जोहिलेनेही खुलासा केला नाही. निरोप घेऊन गेलेली परत येईना म्हणून नर्मदा बघायला गेली, दोघांना एकत्र पाहिलं आणि तशीच पाठ फिरवून पश्चिमेला निघाली. ती आजही अमरकंटकाहून निघून १३१२ किलोमीटर उलट दिशेने धावत खंभातच्या आखाताला मिळते, कुमारिकाच राहते. शोण तिथूनच निघतो आणि ७८४ किलोमीटर जाऊन गंगेत शिरतो. जोहिला नावाची नदी नकाशावर बघा, ती शोणाला जाऊन मिळालेली आहे. मध्यस्थाचं नुकसान झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

"अब बोलो, गलती किसकी?" नावाड्याने विचारलं.

पुरुषांची फळी एकमुखाने म्हणाली, जोहिलेची. बायांची फळी म्हणाली, शोणाची. वहिनींनी पिशवीत हात घातला आणि म्हणाल्या, "हे बघा, पान सतरा. पुरुष मुळात डोळ्यांनी विचार करतो..."

"वहिनी, थांबा," काकू म्हणाल्या. नाव गप्प झाली, कारण काकू बोलल्या होत्या. "त्याने दागिने ओळखले, बाई ओळखली नाही. तिनेही दागिने पाठवले, स्वतः गेली नाही. पुस्तिका लिहिणाऱ्याने मला पाहिलंय का? यांना पाहिलंय? 'बाई' म्हणून कुणीतरी छापली, तिला माझी साडी नेसवली, आणि हे संक्रांतीपासून तिच्याशी बोलताहेत. मीही यांना सोडून कुठल्याशा 'पुरुषा'ला कोठीत बसवलं." मग समोरच्या फळीकडे वळून म्हणाल्या, "अहो, तुम्हाला बसायचं होतं का हो तिथे?"

"नाही गं," काका म्हणाले. "तुपाच्या डब्याशी किती बोलणार माणूस?"

"मग बसलात कशाला?"

"तू सांगितलंस म्हणून. मला वाटलं, तुलाच माझ्या बोलण्याचा कंटाळा आला."

"मला कुठे कंटाळा येतो? मी ऐकतच नाही." सगळी नाव हसली, पण काकू खरं तेच सांगत होत्या. "आवाज चालू असला की बरं वाटतं घरात. आणि टॉर्च डोळ्यांवर का धरलात?"

"डोळ्यांत बघायचं होतं. तसं लिहिलं होतं."

"आणि ती जलेबी?"

"तीही लिहिली होती. तू काही नाही म्हणालीस ना."

"काही नव्हतंच!"

नावाड्याने वल्हं उचललं. "अम्मा," तो म्हणाला, "कल से आप ही सुनाया करो, हम सिर्फ़ नाव खेएँगे." वहिनींनी पुस्तिका पिशवीत टाकली. नंतर कळलं, भाचा दुसरा भाग काढतो आहे, सासूसुनांवर.

संध्याकाळी काका-काकू घरी आले तर स्वयंपाकघरात पाणी. सिंकखालचा पाइप गळत होता. काकूंनी पाना काढला, खाली वाकल्या. काका टॉर्च घेऊन आले आणि दारातच थांबले.

"कुठे धरू?"

"इथे, जोडावर. आणि दोन मिनिटं बोलू नका, मला आटे मोजायचेत."

काकांनी टॉर्च बरोबर जोडावर धरला. दीड मिनिट ते एक अक्षर बोलले नाहीत.