सोप्या वाटेची बाजू

डोंगर चढणाऱ्यांच्या जगात एक छुपी जातिव्यवस्था असते. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेला माणूस खिरेश्वरकडून आलेल्याकडे जरा वरूनच पाहतो, आणि पाचनईकडून लेकराबाळांना घेऊन आलेल्या कुटुंबाला तर तो खिजगणतीतही धरत नाही. पायऱ्या आल्या, कठडा आला, बसायला बाक आला की ती वाट त्याच्या लेखी बाद. हा तोरा मला कधीच पटला नाही. तो का पटत नाही हे नीट मांडायचं तर मला टास्मानियातल्या एका अगदी सोप्या वाटेबद्दल बोलावं लागेल.

माउंट फील्ड हे उद्यान होबार्टहून गाडीने साधारण सव्वा तासावर आहे. तिथे तीन धबधब्यांना वळसा घालणारी वाट आहे. पहिला रसेल धबधबा. तिथवरचा रस्ता जवळपास सपाट, पक्का. बाबागाडी जाते, सोबतीला कोणी असेल तर व्हीलचेअरही जाते. तिथून पायऱ्या चढून गेलं की हॉर्सशू. पुढे उंच झाडांच्या रानातून लेडी बॅरन. पूर्ण फेरा सहा-एक किलोमीटरचा. परतीच्या पायऱ्यांवर लहानांची कुरकुर सुरू होते आणि मोठ्यांची सुरू झालेली असते, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

ऑस्ट्रेलियात पायवाटांना एक ते पाच अशी श्रेणी देतात. पहिल्या श्रेणीच्या वाटेवर पायऱ्या नसतात, दुसरीत अधूनमधून असतात, तिसरीत बऱ्याच पायऱ्या आणि थोडे खडे चढ येतात, पाचवी सराईतांसाठी. या आकड्यांत प्रतिष्ठा कुठेच नाही. वाट कोणाला झेपेल एवढंच ते सांगतात, आणि घरातल्या सगळ्यात कच्च्या गड्याला समोर ठेवून निर्णय घेण्याची मुभा देतात. आपल्याकडे हेच विचारलं तर उत्तर मिळतं, ‘काही नाही हो, सोपं आहे, आमची आजी पण आली होती.’ त्या आजीला परतताना काय सोसावं लागलं, हे कोणी सांगत नाही.

मुलांना घेऊन चालताना वेग सगळ्यात छोट्या पायांचा असतो, आणि माझ्या मते या वाटेचा खरा फायदा हाच. मोठी माणसं धबधबा गाठायला चालतात. मूल धबधब्यासमोर दोन मिनिटं उभं राहतं आणि कंटाळतं. पाणी पडतंय, पुढे काय? त्याला वाटेतच अडकायला खूप असतं. आडवा पडलेला भला मोठा बुंधा, त्यावर उगवलेली अळंबी, त्याच बुंध्यावर मूळ धरून उभी राहिलेली रोपं. झुडपाखालून पाहणारा पॅडेमेलन, म्हणजे कांगारूचा बुटका भाऊबंद. ट्री फर्नचं खोड जवळून पाहावं: तपकिरी, तंतूंनी लपेटलेलं, दाबलं तर किंचित आत जाणारं, आणि त्या ओलाव्यावर इतर नाजूक नेची नि शेवाळ आपला संसार थाटून बसलेलं. मोठ्या माणसाने चालीचा वेग धरला तर त्याला ही नुसती हिरवी भिंत दिसते. रसेलपुढे तो थबकतोच, पण तिथेही पाण्याआडचा खडक किती जण पाहतात? समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचे आडवे थर आहेत ते. मऊ थर झिजले, कठीण वालुकाश्म उभा राहिला, म्हणून पाणी तिथे टप्प्याटप्प्याने उतरतं.

या सोयीच्या बदल्यात काहीतरी सोडावं लागतं. वाट सोडायची नाही. पाणी समोर असूनही त्यात डुंबायचं नाही. कुत्रा घरी ठेवायचा. प्रवेशाला पैसे मोजायचे. आपल्या पावसाळी मनाला हे जड जातं, कारण धबधबा म्हणजे त्याखाली उभं राहणं हेच आपलं गणित. जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात मुलं होती. अशा घटनेनंतर जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो, पोलीस उभे राहतात, आठवडाभर चर्चा होते. म्हणजे एक तर मोकळं रान, नाहीतर बंदी. मधला मार्ग आपल्याला ठाऊक नाही असं नाही. साताऱ्याजवळ ठोसेघरला धबधबा पाहायला बांधलेली गॅलरी आहेच. पण तिच्यावर उभं राहून ‘बस, एवढंच?’ म्हणणारे आपणच असतो. कठडा हा आपल्याला अपमान वाटतो.

सोप्या वाटेवरचा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. वाट सोपी केली की गर्दी येते, आणि गर्दी जागा खाते. हे खरंही आहे. पण माउंट फील्डचा इतिहास मला उलटं काहीतरी दाखवतो. रसेल धबधब्याभोवतीची सुमारे ३०० एकर जागा १८८५ मध्ये राखीव झाली, ती तिथल्या देखाव्यासाठी. मग लिओनार्ड रॉडवे आणि विल्यम क्रूक यांनी मोठ्या उद्यानाचा पाठपुरावा केला. रॉडवे पेशाने दंतवैद्य, वनस्पतिशास्त्र त्याने हौसेने पत्करलेलं. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. धबधब्याजवळचे स्वॅम्प गम, आपल्या निलगिरीच्या गोतावळ्यातले, ७० मीटरच्याही पुढे गेलेले, सालीच्या लांब पट्ट्या लोंबवत आजही उभे आहेत. मला तर ते धबधब्याच्या पुण्याईवर जगलेले वाटतात.

कारण याच उद्यानाच्या दुसऱ्या बाजूला, फ्लोरेंटाइन खोऱ्यात, तसलीच झाडं होती. १९५० च्या सुमारास तिथला एक मोठा पट्टा उद्यानातून वगळून वर्तमानपत्राचा कागद बनवणाऱ्या कंपनीला दिला गेला. विरोध झाला, पण तो पुरला नाही. रविवारी शिदोरी बांधून सहकुटुंब त्या खोऱ्यात जाऊन आलेली माणसं फारशी नव्हतीच. ‘आमचं रान’ म्हणायला आधी कोणीतरी तिथे चालून आलेलं असावं लागतं. रसेलच्या बाजूला तसे हजारो होते. पायथ्याशी रेल्वे पोचलेली होती आणि १८९९ मध्ये टास्मानियाने काढलेल्या चित्रमय टपाल तिकिटांपैकी एकावर हा धबधबा झळकलेला होता. तिथली झाडं तोडा म्हणायला कोण धजावणार?

हा युक्तिवाद सोयीचा आहे हे मी जाणतो. माणसाला आवडेल तेवढंच वाचवायचं, तर दलदल, गवताळ माळ, वटवाघळांच्या गुहा यांचं काय? त्यांच्यापाशी बाबागाडी कधीच जाणार नाही. तिथे दुसरी माणसं लागतात: चिखलात उभी राहणारी, खटले लढणारी, आणि हो, नळीच्या वाटेने चढणारीसुद्धा. अशाच माणसांच्या झगड्यानंतर २०१३ मध्ये माउंट फील्ड आणि वरच्या फ्लोरेंटाइनचा काही भाग टास्मानियाच्या जागतिक वारसा क्षेत्रात आला. वर्षभरातच ऑस्ट्रेलिया सरकारने वरच्या फ्लोरेंटाइनसह ७४,००० हेक्टर जंगल त्यातून पुन्हा वगळा अशी विनंती केली. जून २०१४ मध्ये दोहाच्या बैठकीत जागतिक वारसा समितीने ती अवघ्या काही मिनिटांत फेटाळली.