जिंकल्यानंतरची गोष्ट

गाजलेल्या पुस्तकाचा दुसरा भाग म्हटलं की आपण आधीच नाक मुरडतो. थोरल्याच्या पुण्याईवर धाकट्याने जगावं, तसंच बहुतेकदा होतं. सुझन कॉलिन्स यांची 2009 मधली 'कॅचिंग फायर' ही किशोरवयीनांची कादंबरी मात्र हा समज खोटा पाडते. आधीच्या 'द हंगर गेम्स'मध्ये नायिका कॅटनिस सत्तेने मांडलेल्या जीवघेण्या खेळातून वाचली. दुसरा भाग विचारतो, त्या वाचण्याची किंमत कोणी मोजली? विजययात्रेत ती खेळात मेलेल्या लहानग्या रूच्या कुटुंबाचे आभार मानते. गर्दीतला एक म्हातारा रूची चार सुरांची शीळ घालतो, लोक मानवंदना म्हणून तीन बोटं उंचावतात आणि शिपाई त्या म्हाताऱ्याला गोळी घालतात. एवढी मोठी सत्ता एका शिळेला घाबरते!

कोणी म्हणेल, उत्तरार्धात पुन्हा तोच आखाडा, तोच खेळ. खरं आहे, पण आता जुने विजेतेच आत ढकलले जातात आणि त्याआधी ते प्रेक्षकांसमोर हातात हात घालून उभे राहतात. सत्ता जुनाच डाव मांडते, माणसं मात्र बदललेली असतात. पोरांचं पुस्तक म्हणून हे झटकूनही टाकता येत नाही, कारण 2014 मध्ये लष्करी उठावानंतर थायलंडच्या रस्त्यांवर हीच तीन बोटं उंचावली गेली. म्हणून पुढच्या भागाकडे नवी करामत मागण्यापेक्षा मागच्या विजयाचा हिशेब मागावा. आपल्या यशाकडेही तो अधूनमधून मागायला हरकत नाही.