विद्याशाखांतर आणि अधिकाराचा प्रश्न

१

संस्कृत शास्त्रग्रंथांच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी स्पष्ट करण्याची प्रथा होती. तिला अनुबंधचतुष्टय असे नाव आहे. ग्रंथ कशाविषयी आहे, कशासाठी आहे आणि विषयाशी त्याचे नाते कोणते, हे सांगितल्यावर तो अभ्यासण्यास पात्र कोण, हेही सांगावे लागे. आधुनिक विद्यापीठाने यांपैकी अधिकाराचा अनुबंध वाचकाकडून काढून घेऊन लेखकाकडे सोपविला आहे. विश्वोत्पत्तीविषयी खगोलशास्त्रज्ञाने बोलावे, साथीच्या रोगांविषयी वैद्यकाने, चीनच्या राज्यव्यवस्थेविषयी राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने, असा हा संकेत आहे. एकाच व्यक्तीने या सर्वांविषयी लिहिले तर दोन प्रतिक्रिया संभवतात. एक, चतुरस्र प्रज्ञेचे कौतुक; दुसरी, आगंतुकाविषयीचा संशय. वरकरणी या प्रतिक्रिया परस्परविरोधी वाटल्या तरी दोहोंचे गृहीतक एकच आहे. विधानाचे मोल ते करणाऱ्याच्या अंगभूत अधिकारावरून ठरते, हे ते गृहीतक होय. प्रस्तुत निबंधात तपासावयाचे आहे ते हेच.

२

मराठी भाषकांच्या ज्ञानव्यवहारात या प्रश्नाचे सर्वांत समृद्ध उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) यांचे आहे. बौद्धविद्येचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे हे पुत्र गोव्यात जन्मले, हार्वर्ड येथे शिकले आणि व्यवसायाने गणिती झाले. १९३३ साली त्यांनी पथावकाशांच्या भूमितीवर लिहिलेल्या निबंधाचा विस्तार एली कार्तां यांनी आणि पुढे चिनी गणिती शिंग-शेन चर्न यांनी केला. तो सिद्धांत आजही या तिघांच्या नावाने ओळखला जातो. १९४४ सालचे त्यांचे आनुवंशिकीतील सूत्र गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्यासाठी अद्याप वापरात आहे. प्राचीन आहत नाणी हजारोंच्या संख्येने वजन करून, चलनात झिजल्यामुळे झालेल्या घटीवरून त्यांनी नाण्यांचा कालानुक्रम लावण्याचा प्रयत्न केला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती (१९४८) आणि वि. वि. गोखले यांच्यासह संपादिलेला विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश' (१९५७) ही त्यांची संस्कृत पाठचिकित्सेतील कामगिरी. 'अॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' (१९५६) या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनाची दिशा बदलली. याच काळात एस. राघवाचारी यांच्यासह त्यांनी भारतातील जन्मदर व मृत्युदर यांच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या चढउतारांवर संख्याशास्त्रीय निबंध लिहिले आणि १९५७ साली चिनी क्रांतीवर एक निबंधही लिहिला.

भूमिती, रोगराई, नाणी, श्लोक आणि क्रांती यांना जोडणारे सूत्र कोणते? कोसंबींच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी पद्धतीचे आहे. हस्तलिखितांची प्रत करणारा लेखनिक चुका करतो, श्लोक घालतो, गाळतो. बाजारात फिरणारे नाणे झिजते. जन्ममृत्यूची नोंद करणारा कारकून कधी नोंद चुकवितो. प्रत्येक ठिकाणी मूळ वस्तुस्थिती हाती नसते, हाती असतात त्या तिच्या अनेक, सदोष आणि परस्परांशी तुलनीय खुणा. अशा खुणांच्या राशीतून मुळाचा अंदाज बांधण्याचे शास्त्र म्हणजे संख्याशास्त्र. शेकडो हस्तलिखितांच्या तुलनेतून भर्तृहरीच्या नावावरील सुमारे दोनशे श्लोकांचा गाभा वेगळा काढणारी बुद्धी आणि मृत्यूच्या आकड्यांतून ऋतूचा ठसा शोधणारी बुद्धी एकच आहे. येथे विद्याशाखा ओलांडली गेली असे म्हणण्यापेक्षा, विद्याशाखांच्या भिंती ज्यावरून गेल्या आहेत अशा एकाच जमिनीवर हा संशोधक चालत होता, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

३

परंतु एवढ्यावर थांबल्यास प्रश्न सुटत नाही; पद्धतीचा अधिकार कोठवर पोचतो, हे पाहावेच लागते. साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असलेले उदाहरण घ्यावयाचे तर, कोणता श्लोक गाभ्यातला आणि कोणता उत्तरकालीन, याविषयीचा कोसंबींचा निर्णय हस्तलिखितांच्या आधारे कोणालाही तपासता येतो. मात्र 'सुभाषितरत्नकोशा'च्या प्रस्तावनेत संस्कृत काव्याच्या मोलाविषयी, त्यामागील वर्गीय हितसंबंधांना धरून, त्यांनी जे विवेचन केले ते या प्रकारचे नाही. त्याच संग्रहाचे इंग्रजी भाषांतरकार डॅनियल इंगल्स यांनी १९६५ साली त्या विवेचनाशी मतभेद नोंदविला, तेव्हा वाद हस्तलिखितांचा राहिला नव्हता, काव्याकडे पाहण्याच्या दृष्टीचा झाला होता. पाठनिश्चितीत मिळविलेला अधिकार रसास्वादाच्या प्रांतात आपोआप चालत नाही. कोसंबींचे मूल्यमापन चुकीचे होते, असा याचा अर्थ नव्हे. त्याला वेगळी प्रमाणे द्यावी लागतात, इतकाच अर्थ.

गणितात हीच गोष्ट अधिक कठोरपणे दिसली. रीमान यांच्या सुप्रसिद्ध अभ्युपगमाची सिद्धता संभाव्यताशास्त्राच्या मार्गाने मिळाल्याचा दावा कोसंबींनी कृषिसंख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात १९५९ साली केला. गणितज्ञांनी तो स्वीकारला नाही. 'बहुधा असे असेल' आणि 'असेच असले पाहिजे' यांतले अंतर मृत्युदराच्या अभ्यासात गौण असते. मूळ संख्यांच्या सिद्धांतात तेच सर्वस्व असते. जी पद्धत एका क्षेत्रात प्रमाण ठरली, ती दुसऱ्या क्षेत्रात केवळ सूचना ठरली.

४

चीनविषयीच्या लेखनाचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण येथे ज्ञानाच्या प्रश्नाला नैतिक परिमाण लाभते. जागतिक शांतता चळवळीच्या निमित्ताने कोसंबींनी १९५०च्या दशकात चीनला अनेकदा भेट दिली. १९५७च्या निबंधाचा सूर सहानुभूतीचा आहे. त्यानंतरच्याच वर्षी 'मोठी झेप' सुरू झाली, पिकांचे आकडे वरिष्ठांना रुचतील तसे फुगविले गेले, आणि १९५९ ते १९६१ या काळातील दुष्काळात अभ्यासकांच्या वेगवेगळ्या अंदाजांनुसार दीड कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत माणसे दगावली. पुढे काय घडणार हे १९५७ साली लिहिणाऱ्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मुद्दा त्यांच्या चुकीचा नसून दोन प्रकारच्या विधानांमागे उभ्या असलेल्या प्रमाणांतील फरकाचा आहे.

भारतातील मृत्युदराविषयी लिहिताना कोसंबींपाशी प्रसिद्ध झालेली आकडेवारी होती. ती इतरांनाही उपलब्ध होती. श्रीपाद अमृत डांगे यांचा प्राचीन भारतावरील ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा स्वतः मार्क्सवादी असूनही कोसंबींनी त्याची कठोर झाडाझडती घेतली. साधनांची चिकित्सा न करता सूत्र लादले, हा त्यांचा आक्षेप होता. 'अधिकृत' मार्क्सवाद्यांची त्यांनी आयुष्यभर टर उडविली. चीनच्या बाबतीत मात्र पाहुण्याच्या डोळ्यांवर आणि यजमानांच्या शब्दावर विसंबण्याखेरीज मार्ग नव्हता. डांगे यांच्या ग्रंथाला जी कसोटी लावली ती येथे लावण्यासाठी लागणारी साधनेच बंद होती. कोसंबींचा व्यासंग दोन्हीकडे तितकाच होता. एकीकडे दप्तर उघडे होते, दुसरीकडे नव्हते.

५

यावर असा आक्षेप घेता येईल की, विश्वाविषयीच्या सिद्धांतालाही हाच नियम लागू पडतो; मग नैतिक प्रश्न केवळ राजकारणात आणि आरोग्यात का उद्भवावा? जयंत नारळीकरांचे (१९३८-२०२५) उदाहरण येथे उद्बोधक आहे. फ्रेड हॉईल यांच्यासह त्यांनी स्थिर-स्थिती विश्वाची बाजू मांडली. १९६५ साली सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमी-प्रारणाचा शोध जाहीर झाल्यावर बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकरांनी सहकाऱ्यांसह १९९३ साली सुधारित प्रतिमान मांडून मतभेद चालू ठेवला. स्वतःच्या क्षेत्रात, म्हणजे जेथे त्यांचा अधिकार निर्विवाद होता तेथे, त्या अधिकारामुळे त्यांचे मत मान्य झाले नाही. उलट फलज्योतिष हे त्यांचे क्षेत्र नव्हते. तरी हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे पत्रिका घेऊन त्यांनी सहकाऱ्यांसह केलेली चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचे बळ कर्त्याच्या कीर्तीत नव्हते. ज्योतिष्यांची अचूक उत्तरे शेकडा ४६, म्हणजे नाणेफेकीच्या आसपास, हे कोणालाही पडताळता येण्यासारखे होते. अधिकार कर्त्याकडून रीतीकडे गेला, तो असा.

तथापि विश्वाचे प्रतिमान चुकले तर कोणाचे पोट उपाशी राहत नाही. धान्याचे वा रोगाचे चुकीचे विधान, ते धोरणाचा आधार बनल्यास, माणसांना भोगावे लागते. विद्याशाखा ओलांडण्याचे स्वातंत्र्य दोन्हीकडे सारखेच असले, तरी ओलांडल्यावर येणारे ऋण सारखे नसते. ज्यांच्याविषयी विधान केले ते त्याला उत्तर देऊ शकतात काय, हा प्रश्न दुसऱ्या ठिकाणी ज्ञानशास्त्रीय राहत नाही.

६

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना (१९४५-१९६२) कोसंबी पुण्याहून मुंबईला 'दख्खनच्या राणी'ने ये-जा करीत. कर्जतचा घाट उतरलेली ती गाडी वांगणी, बदलापूर, अंबरनाथ मागे टाकीत कल्याणकडे जाई. त्या रुळांच्या पूर्वेचे कात्रप तेव्हा खेडे होते. आज ते कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर आहे. १९६९च्या कायद्यानुसार तेथील प्रत्येक जन्म आणि मृत्यू एकवीस दिवसांत कळविणे बंधनकारक आहे. कात्रपमधील एका घरातले दुःख तेथे नोंदवहीतील एक ओळ होते, ओळींचा तक्ता होतो, तक्त्याचा दर होतो आणि दरावर कोणा संशोधकाचा निबंध उभा राहतो. या प्रवासात दुःख हरवते, अशी तक्रार साहित्याच्या अभ्यासकांकडून होत असते, आणि ती खोटी नाही. परंतु जेथे ती ओळच लिहिली गेली नाही, किंवा लिहून बदलली गेली, तेथे दुःखाबरोबर माणूसही हरवला, हे चीनच्या त्या तीन वर्षांनी दाखविले आहे.

म्हणून बहुशास्त्रीय संशोधकाला विचारावयाचा पहिला प्रश्न 'तुमचा अधिकार काय?' हा नव्हे. तसा प्रश्न विचारला असता तर कोसंबींचा भारतीय इतिहास लिहिलाच गेला नसता. विचारावयाचे ते हे की, ज्या प्रांतात आपण शिरलात तेथील कसोट्या आपण मान्य केल्या काय. जेथे कसोटी लावणेच अशक्य होते, तेथे ते वाचकाला सांगितले काय. आणि ज्यांच्या आयुष्याचा आपण दर केला, त्यांना तो हिशेब पुन्हा मांडून पाहता येईल काय? जुन्या अनुबंधचतुष्टयात अधिकारी हा वाचक होता. कात्रपच्या नोंदवहीत ज्याच्या घरची ओळ आहे, त्या वाचकाला तो अधिकार परत देणे, हे विद्याशाखांतराचे सर्वांत कठीण आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित कर्तव्य आहे.