पगार झाला का?

महिन्याच्या सुरुवातीला डोंबिवलीच्या फलाटावर हा प्रश्न हमखास ऐकू येतो. शब्द इतका घरचा झालेला, की तो परका असेल असं मनातही येत नाही. पण वसई, साष्टी आणि ठाणं १५३४ पासून चिमाजी आप्पांच्या मोहिमेपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षं, पोर्तुगिजांकडे होतं. ते गेले. पाव, चावी, बटाटा इथेच राहिले, आणि त्यांच्याबरोबर पगारही.

पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं. इटालियनमध्ये 'पागारे', फ्रेंचमध्ये 'पेये'. इंग्रजांनी आपला 'पे' फ्रेंचांकडूनच घेतला. या सगळ्यांची आई लॅटिन 'पाकारे', आणि तिच्या मुळाशी 'पाक्स', म्हणजे शांती. रोमन फौजा एखादा मुलूख जिंकून 'शांत' करत, तेव्हाही हेच क्रियापद वापरलं जाई. मध्ययुगात ते सावकाराकडे वळलं: ज्याचं देणं आहे त्याला शांत करायचं, म्हणजे त्याचे पैसे द्यायचे. याच मुळातून आलेला 'आपागार' स्पॅनिशमध्ये आग विझवतो, दिवा मालवतो, आणि तहानही शमवतो.

इथे मला आपलं 'भागवणं' आठवतं. आपण तहान भागवतो, भूक भागवतो आणि देणंही भागवतो. लॅटिनच्या 'पाकारे'शी काडीचाही संबंध नसताना मराठी माणसानेही पोटाची आग आणि डोक्यावरचं देणं एकाच क्रियापदात बसवलं. 'एवढ्या पगारात भागतं का हो?' या साध्या विचारण्यात दोन दूरच्या भाषांची समजूत शेजारी शेजारी येऊन बसते.

कल्याणच्या खाडीने पोर्तुगिजांशी कामाचे व्यवहारही फार पूर्वी पाहिले आहेत. १६५९च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला आरमाराची जहाजं बांधायला घेतली, तेव्हा रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा हे पोर्तुगीज त्या कामावर होते. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने त्यांचं मन वळवलं आणि ते काम सोडून निघून गेले. जहाजं मात्र आपल्या माणसांनी बांधली, पुढेही बांधत राहिली.

पगार ही मालकाची मेहेरबानी, असं आजही अनेकांना मनापासून वाटतं. त्यांच्यासाठी या शब्दाचं 'शांत करणं' हे मूळ सांगावंसं वाटतं. काम झालं की देणं उभं राहतं, आणि ते चुकतं होईपर्यंत समोरच्याच्या घरात शांतता नसते. १९३६च्या कायद्याने हजाराहून कमी कामगार असलेल्या ठिकाणी महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत पगार द्यायची मुदत घातली, ती याच जाणिवेतून. पण घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत भांडी घासणाऱ्या बाईसाठी ही मुदत कोण पाळतं? 'सुट्टे नाहीत, परवा देते' म्हणताना आपला दिवस सहज पुढे जातो. तिच्याकडे मात्र किराणावाला, खोलीचं भाडं, मुलाची क्लासची फी, सगळे परवापर्यंत दारात उभे असतात. तिचे पैसे तिने न मागता, ठरल्या तारखेला तिच्या हातात पडायला हवेत.