शेजारी आणि रस्ता



माझा शेजारी कोण, हे प्रभूने दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातून सांगितले (लूक 10). पण तो वाटसरू लुटला गेला ती यरुशलेम-यरीहो वाट निर्जन होती, इकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी 1961 साली शहरांवरील आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, घरे, दुकाने, कचेऱ्या, जुन्या-नव्या इमारती जेथे मिसळलेल्या असतात तेथे रस्ता दिवसभर जागा राहतो आणि लोकांची नजरच त्याची राखण करते. जुन्या इमारतीचे भाडे कमी असते, म्हणून लहान धंद्याला तेथे आसरा मिळतो.

हे पाहायला अमेरिकेस जायला नको. खामगावला 1870 साली जलंबहून आगगाडी आली ती कापसासाठी. कापसावर आणि चांदीवर वाढलेल्या त्या गावच्या जुन्या पेठेत खाली दुकान, वर बिऱ्हाड, शेजारी शिंपी, समोर चहावाला. एखाद्या आजीचे दार दहापर्यंत उघडले नाही तर कोणीतरी हाक मारतोच. नव्या लेआउटमध्ये हवा चांगली, गोंगाट नाही. पण दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते.

मग शेजारधर्म मनात असतो की रस्त्यात? नुसती नजर पुरत नाही. याजक व लेवी यांनीही जखमीस पाहिलेच होते. परंतु जो दृष्टीसच पडत नाही, त्याचा कळवळा कसा येणार? आणि कॉलनीत एखादी विधवा पुढच्या खोलीत शिलाईचे दुकान काढू म्हणाली, की पहिली तक्रार आपल्यापैकीच कोणीतरी करतो.